कव्हराखालची स्टेपनी

या कार्यक्रमात आपण आजवर हिशोबाची वही, पापडाचं पॅकिंग, बँकेचं कर्ज अशा विषयांवर बोललो. आज आम्ही गाडीच्या टायरबद्दल बोलणार आहोत. बायकांना टायरचं काय करायचंय, असं कुणाला वाटेल. आम्हालाही तसंच वाटायचं. एका रात्रीपर्यंत.

आम्ही पाटण तालुक्यातल्या डोंगरावरच्या एका वाडीतल्या गटाच्या बायका. गटात बाराजणी आहोत. आज बोलणारं तोंड एक असलं, तरी सांगणं बाराजणींचं आहे, कारण चूकही बाराजणींची होती.

आमच्या गटातल्या सगळ्यांत थोरल्या म्हणजे आक्का. आक्कांचे मालक फौजेत होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी लष्कराच्या लिलावातून सुटलेली एक जुनी जीप घेतली. ती जीप आमच्यातल्या निम्म्याजणींपेक्षा वयानं मोठी आहे. मालक गेले, जीप राहिली. आता आक्कांचा पुतण्या ती चालवतो. महिन्याच्या बैठकीनंतर बँकेत जायचं, कुणाच्या लेकीला परीक्षेला सोडायचं, कुणाला दवाखान्यात न्यायचं, तर आक्का म्हणतात, "जीप हाय की." तेलाचे पैसे आम्ही सगळ्या मिळून काढतो.

शहरातले शौकीन लोक अशा गाडीला व्हिंटेज म्हणतात. २०२१ साली केंद्र सरकारनं त्यासाठी नियमही केला. पन्नास वर्षांवरची आणि मूळ रूपात ठेवलेली गाडी व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदवता येते, तिच्या नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात. पण तशी नोंदवलेली गाडी मिरवायला आणि प्रदर्शनाला, रोजच्या वापराला नाही. आक्कांची जीप साध्याच नोंदणीची आहे. दर पाच वर्षांनी तिची तपासणी करून नोंदणी पुढं न्यावी लागते. आक्का ते वेळच्या वेळी करतात. विमा चालू, कागद चोख. म्हणून आम्ही निर्धास्त होतो.

जीपच्या मागच्या अंगाला स्टेपनी टांगलेली. तिच्यावर रेक्झिनचं कव्हर. कव्हरावर मालकांनी हौसेनं 'जय जवान जय किसान' रंगवून घेतलेलं. साखळी, कुलूप, सगळं जिथल्या तिथं. कधी बघावं तर स्टेपनी आहेच. मग चिंता कसली?

श्रावणातली रात्र होती. आमच्यातल्या एका काकींच्या सुनेला दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या. साडेदहाची वेळ, बाहेर धो धो पाऊस. आशाताई धावत आल्या. १०८ ला फोन लागला. गाडी निघाली, पण फाट्यापर्यंत यायला तिला चाळीस मिनिटं आणि तिथून नऊ किलोमीटरचा घाट चढायला आणखी अर्धा तास लागणार होता. आशाताई म्हणाल्या, "आपण जीपनं खाली उतरू. फाट्यावर गाठ पडंल." सगळ्यांना पटलं. पोरीला मागं निजवलं, सासू आणि आशाताई तिच्यापाशी बसल्या, आक्का पुढं. आमच्यातल्या दोघीजणी कडेला दाटीवाटीनं बसलो.

निम्मा घाट उतरलो आणि डावीकडचं मागचं चाक फुटलं. वळणावर दगड पडले होते, त्यातला एक धारेचा दगड चाकाखाली आला. पुतण्यानं जीप सावरली. म्हणाला, "भिऊ नका, धा मिनिटांचं काम." बरोबर एक तरणा पोरगा होता, तो खाली उतरला. दोघांनी पान्याला जोर लावला. नट हलेना. पान्यावर उभं राहून बघितलं, तरी हलेना. पंधरा-वीस मिनिटं गेली. मग आक्का आतून ओरडल्या, "आरं, डाव्या अंगाची उलटी फिरतात! मालक नेहमी उलटी फिरवायचे."

ही गोष्ट खरी आहे, मैत्रिणींनो. जुन्या विलीस पद्धतीच्या जीपमध्ये डावीकडच्या चाकांना उलट्या आट्याचे नट असायचे. चाक फिरता फिरता नट आपोआप ढिला होऊ नये, हा त्यामागचा विचार. अशा बोल्टच्या टोकावर बहुतेक वेळा 'एल' हे इंग्रजी अक्षर ठोकलेलं असतं. उजवीकडचा नट सोडताना आपण जिकडं फिरवतो, त्याच्या उलट दिशेनं डावीकडचा सुटतो. पोरं नट सोडवत नव्हती, जास्त आवळत होती. आक्कांनी आयुष्यात पाना हातात धरला नव्हता. पण नवरा काय करतो ते बघून ठेवलं होतं.

आक्कांच्या सांगण्याप्रमाणं नट सुटले. चाक निघालं. मग कुलूप उघडलं, कव्हर काढलं, स्टेपनी आणून लावायला गेले, तर ती बसेना. बॅटरीच्या उजेडात बघितलं. जीपच्या चाकाला पाच बोल्ट आणि स्टेपनीच्या डिस्कला भोकं सहा.

पावसात आम्ही सगळ्या त्या सहा भोकांकडं बघत उभ्या राहिलो.

पुढचं थोडक्यात सांगतो. त्या वळणावर मोबाइलला रेंज नाही. बरोबरचा पोरगा अंधारात खाली पळत गेला. फाट्यावर रुग्णवाहिका आमची वाट बघत थांबलेली होती, ती वर आली. ठरलेल्या वेळेपेक्षा सव्वा तास जास्त गेला. पोरीचं रक्त बरंच गेलं, दवाखान्यात पोचल्यावर तिला रक्त चढवावं लागलं. मुलगी झाली. दोघी आज सुखरूप आहेत. मुलगी आता रांगते. पण त्या पहाटे दवाखान्याच्या व्हरांड्यात बाळाचा आवाज ऐकला, तेव्हा आमच्या तोंडून शब्द फुटला नाही. डोळ्यांपुढं ती सहा भोकं होती.

घरी आल्यावर चौकशी झाली. उलगडा असा झाला, की दोन वर्षांपूर्वी मूळ स्टेपनी पंक्चर काढायला दिली होती, ती परत आणायची राहिली. मागची जागा रिकामी दिसते म्हणून कुणीतरी भंगारातलं दुसऱ्याच गाडीचं चाक आणून टांगलं, वर कव्हर चढवलं. पुतण्यानं ते लावून बघितलं नाही. बोलणी त्याला बसली. पण आम्ही रात्री अंथरुणावर पडल्यावर काय विचार करत होतो? दोन वर्षं दर महिन्याला आम्ही त्या जीपमधून गेलो. बाराजणी. चढता-उतरताना त्याच कव्हराला धरून चढलो. एकीनंही ते उचलून बघितलं नाही.

पुढच्या बैठकीत पहिला विषय हाच निघाला. जीप आक्कांची, मग चाकाचा खर्च गटानं का करायचा, असा प्रश्न एकीनं विचारला. प्रश्न रास्त होता. गटाच्या बचतीला आणि कर्जाच्या रकमेला हात लावायचा नाही, हे आम्ही आधी ठरवलं. तो पैसा ज्या कामाचा, त्याच कामाला. पण जीपमध्ये बसतो आपण सगळ्या, मग वरगणी काढायला काय हरकत आहे? आक्का सोडून अकराजणींनी दोनदोनशे रुपये द्यायचे, उरलेले आक्कांनी, असा ठराव वहीत लिहिला. आणि दुसरा ठराव असा, की चाक शोधायला आपणच जायचं. दुसऱ्यावर सोपवून काय होतं ते बघितलं होतं.

आता शोधायला जायचं, तर शोधायचं काय? दुकानात जाऊन "जीपचं चाक द्या" म्हणून भागत नाही. चाकात तीन गोष्टी असतात. लोखंडाची डिस्क, तिच्यावर टायर आणि आत ट्यूब. तिन्ही जुळायला पाहिजेत.

आम्ही आधी चांगल्या चाकापाशी ओल्या फडक्यानं टायर पुसत बसलो. टायरच्या अंगावर सगळं लिहिलेलं असतं, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. आमच्या जीपच्या टायरवर लिहिलं होतं ६.००-१६. यातला सहा म्हणजे टायरची रुंदी, साधारण सहा इंच. मधली आडवी रेघ म्हणजे टायर जुन्या बांधणीचा, ज्याला दुकानदार नायलॉन टायर म्हणतात. आणि सोळा म्हणजे डिस्कचा व्यास, सोळा इंच. हल्लीच्या गाड्यांवर वेगळं लिहिलेलं असतं. उदाहरणार्थ २१५/७५ आर १५. त्यात २१५ ही रुंदी मिलिमीटरमध्ये, ७५ म्हणजे त्या रुंदीच्या शेकडा पंचाहत्तर इतकी टायरची उंची, 'आर' म्हणजे रेडियल आणि १५ म्हणजे पंधरा इंची डिस्क. पंधराचा टायर सोळाच्या डिस्कवर चढत नाही, आणि सोळाचा पंधरावर धरत नाही. एक इंचाचा फरक ब्लाउजमध्ये शिवणीत दाबता येतो. इथं येत नाही.

मग डिस्क. पाच भोकं पाहिजेत हे कळलं होतं. पण पाच भोकं असलेली सगळ्या गाड्यांची डिस्क सारखी नसते. भोकं एकमेकांपासून किती लांब, मधलं मोठं भोक केवढं, हेही जुळायला लागतं. पाच भोकांचं माप घेणं अवघड, कारण एका भोकाच्या बरोबर समोर दुसरं भोक येतच नाही. पट्टी कशी लावायची? आमच्यातली एक वहिनी शिवणकाम करते. ती म्हणाली, "माप कशाला घ्यायचं? कागद कापू." तिनं जाड पुठ्ठा आणला, चाक काढल्यावर उघड्या पडलेल्या पाच बोल्टांवर दाबला, ग्रीसचे ठसे उमटले, तिथं भोकं पाडली. मधलं मोठं भोकही कापलं. परत बोल्टांवर घालून बघितलं, पुठ्ठा अलगद बसला. ब्लाउजचा कागद जसा पिशवीत घालून नेतात, तसा तो पुठ्ठा आम्ही पिशवीत घातला आणि चौघीजणी एसटीत बसलो.

डिस्क कुठं मिळाली ते ऐकून तुम्ही हसाल. तालुक्याच्या गावी भंगाराची दोन दुकानं पालथी घातली. एका ठिकाणी पाच भोकांची डिस्क होती, पण पुठ्ठा बसला नाही, बोटभर फरक पडला. दुसऱ्या ठिकाणी पुठ्ठा बसला, पण डिस्कची कडा गंजून पत्र्यासारखी झाली होती. दमून चहा प्यायला बसलो, तर समोर मांडववाल्याचं गोदाम. दारात खांब रचलेले आणि खांबांना बुडाला लोखंडी डिस्का. मांडव उभा करताना खांब त्यात रोवतात, ते आपण सगळ्यांनी लग्नात बघितलेलं आहे. वहिनी पुठ्ठा घेऊन उठली आणि एकेका डिस्कवर ठेवत गेली. सातव्या डिस्कवर पुठ्ठा बसला. कडा शाबूत, कुठं तडा नाही. मांडववाले भाऊ चांगले होते. त्यांनी भंगाराच्या भावानं ती दिली आणि वर विचारलं, "ताई, कुणी शिकवलं हे?" वहिनी म्हणाली, "टेलरकीनं."

पुढं टायर. पहिल्या दुकानात पुठ्ठ्याची गरज नव्हती, आकडा तोंडपाठ होता. ६.००-१६. दुकानदारानं लगेच एक कोरा टायर काढला. आकडा तोच. भावही बरा. आम्ही पैसे काढणार, इतक्यात काकी टायरला हात लावून म्हणाल्या, "आवं, ह्यो तर आमच्या ट्रॅक्टरच्या फुडच्या चाकाचा हाय." टायरवर उभ्या लांब रेघा होत्या, नांगराच्या तासासारख्या. दुकानदार म्हणाला, "साइज तीच आहे, बसंल."

खरोखर बसला असता. आपल्याकडच्या पुष्कळ ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाला ६.००-१६ हाच टायर असतो. म्हणून तो गावोगाव मिळतो. पण आमच्या कानात 'बसंल' हा शब्द टोचला. आम्ही विचारलं, "बसंल, पण चालंल का?" दुकानदार म्हणाला, "चालवायला काय, हळू चालवा." आम्ही उठलो.

शेजारी एक म्हातारे मिस्त्री पंक्चरचं दुकान चालवतात. त्यांनी समजावून सांगितलं. ट्रॅक्टरच्या पुढच्या टायरच्या रेघा कशासाठी, तर मऊ रानात चाक जिकडं वळवू तिकडं वळावं म्हणून. तो टायर ट्रॅक्टरच्या सावकाश चालीसाठी केलेला असतो. जीप घाट उतरते, तिला डांबरावर वेग असतो, ब्रेक लागल्यावर रस्ता धरून ठेवावा लागतो, पावसाचं पाणी बाजूला सारावं लागतं. ते त्या रेघांचं काम नाही. शिवाय आक्कांची जीप चारही चाकं ओढणारी आहे. एक चाक उंच आणि तीन बुटकी झाली, तर आतल्या दातेऱ्यांवर ताण येतो. मिस्त्री म्हणाले, "चारी टायर आणि स्टेपनी एकाच उंचीची पाहिजेत. भिंतीला टेकवून उभी करा आणि वर काठी आडवी ठेवा. काठी कलली, की समजा."

दुसरीकडं एकानं जुना टायर दाखवला. काळाभोर, चकचकीत. नक्षी खोल, म्हणजे झिजलेला अजिबात नाही. भाव निम्म्याहून कमी. आम्हाला मोह पडला. पण मिस्त्रींनी एक गोष्ट सांगून ठेवली होती, ती आठवली. टायरच्या बाजूला लांबट गोलात चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ असेल, तर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तो टायर तयार झाला. आम्ही तो गोल शोधला. टायर चौदा वर्षांचा निघाला. न वापरता पडून राहिला, म्हणून नक्षी शाबूत होती. पण रबर उन्हानं आणि वयानं कडक होतं. अंगठ्यानं दाबून जरा वाकवलं, तर नक्षीच्या खाचेत बारीक चिरा दिसल्या, भेगाळलेल्या टाचेसारख्या. चकाकी होती ती पॉलिशची. दहा वर्षांच्या वरचा टायर, कितीही नवा दिसला तरी वापरू नये, असं टायर बनवणारेच सांगतात. पाच वर्षांनंतर तर दर वर्षी जाणकाराकडून बघून घ्यावा.

त्याच दुकानात एक गोष्ट घडली, तीही सांगतो. आम्ही 'स्टेपनी, स्टेपनी' म्हणत होतो, तेव्हा बाकावर बसलेल्या एकानं त्या शब्दावरून विनोद केला. बाईला उद्देशून तो शब्द कसा वापरतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. दोघंतिघं हसले. आक्का शांतपणानं म्हणाल्या, "ज्या राती घाटात चाक फुटंल, त्या राती हस बाबा." तो गप्प झाला.

घरी येऊन आमच्यातल्या एकीच्या कॉलेजात शिकणाऱ्या मुलीनं या शब्दाचा शोध घेतला. स्टेपनी हे एका रस्त्याचं नाव आहे. इंग्लंडशेजारी वेल्स नावाचा देश आहे, तिथं लनेली नावाच्या गावात स्टेपनी स्ट्रीट. पहिल्या मोटारींना जादा चाक नसायचंच. टायर पंक्चर झाला, की रस्त्यातच बसून दुरुस्ती. १९०४ साली त्या रस्त्यावरच्या डेव्हिस नावाच्या भावांनी एक युक्ती काढली. हवा भरलेल्या टायरसकट एक नुसती कडी, तिला मधे आरे नाहीत. पंक्चर झालेल्या चाकालाच ती चिमट्यांनी आवळायची आणि पुढं जायचं. ती जगभर विकली गेली. पुढं तिच्या जागी पूर्ण जादा चाक आलं. त्या भावांचा कारखाना राहिला नाही, पण त्यांच्या रस्त्याचं नाव आपल्या डोंगरातल्या पंक्चरवाल्याच्या तोंडात राहिलं. अडलेल्याला घरी पोचवण्यासाठी निघालेला हा शब्द आहे. त्याची थट्टा कुणी करायची ती करो, आपण करायची नाही.

शेवटी कराडच्या एका दुकानात जीपचाच ६.००-१६ टायर मागवून मिळाला. आठ दिवस थांबावं लागलं. आल्यावर आम्ही आधी आकडा वाचला, मग चार आकड्यांचा गोल वाचला, मग भार पेलण्याची खूण आमच्या चारही टायरांवर आहे तीच आहे का ते बघितलं. दुकानदार म्हणाला, "ताई, परीक्षा घेताय का?" आम्ही म्हणालो, "हो." डिस्क घासून, रंग देऊन नेली होती. आत नवी ट्यूब घातली, कारण या जुन्या डिस्कला ट्यूबशिवायचा टायर चालत नाही. टायर, ट्यूब आणि बसवणावळ मिळून पाच हजार झाले. बावीसशे आमची वरगणी, अठ्ठावीसशे आक्कांचे. पावती वहीत चिकटवली.

पण स्टेपनी आणून टांगली, म्हणजे काम संपलं असं आम्ही या वेळी मानलं नाही. आक्कांच्या अंगणात जीप उभी केली आणि आम्ही स्वतः चाक बदलून बघितलं. पुतण्या बाजूला उभा राहून नुसता बघत होता. तुमच्या दारात कोणतीही चारचाकी असली, तरी हे करून बघण्यासारखं आहे, म्हणून क्रमानं सांगतो.

गाडी सपाट आणि टणक जागी उभी करायची. हँडब्रेक ओढायचा. बदलायच्या चाकाच्या तिरप्या समोरच्या चाकाला पुढून-मागून दगड लावायचे. जॅक लावण्याआधी, चाक जमिनीवर असतानाच नट थोडे ढिले करायचे. उचललेल्या गाडीच्या नटाला जोर लावला, तर चाक फिरतं आणि गाडी जॅकवरून सरकते. मग जॅक. गाडी जॅकवर असताना तिच्या खाली हात किंवा डोकं घालायचं नाही, पोरांना लांब ठेवायचं. नवं चाक चढवल्यावर नटाची निमुळती बाजू आत, डिस्ककडं यायला पाहिजे. नट एकापाठोपाठ एक आवळायचे नाहीत, एक सोडून एक आवळायचे. रांगोळीत आपण हात न उचलता पाच टोकांची चांदणी काढतो ना, त्याच क्रमानं. त्यानं डिस्क सगळीकडून सारखी बसते. चाक जमिनीवर टेकलं, की पुन्हा एकदा सगळे नट घट्ट करायचे. आणि चार-पाच किलोमीटर गेल्यावर थांबून परत बघायचे.

पहिल्यांदा आम्हाला पाऊण तास लागला. नट सुटायला ताकद पुरेना, तेव्हा मिस्त्रींच्या सल्ल्यानं पान्याच्या दांड्याला हातभर लांब पाइप जोडला. लांब दांडा, कमी जोर. विहिरीवरच्या रहाटाचं आणि याचं गणित एकच. दुसऱ्या वेळी वीस मिनिटांत झालं. डावीकडच्या चाकांपाशी पुतण्यानं पांढऱ्या रंगानं बाण काढला, नट कुठल्या अंगाला सुटतात त्याचा. आक्कांच्या डोक्यात होतं ते आता गाडीवर लिहिलेलं आहे. उद्या आक्का बरोबर नसल्या, तरी अडणार नाही.

आणि ते कव्हर? मालकांनी रंगवून घेतलेलं, म्हणून आक्कांना ते काढवेना. आम्हीही काढा म्हणालो नाही. पण दर महिन्याच्या बैठकीआधी दोघीजणी ते उचलून बघतात. भोकं बघायची गरज आता नाही. हवा बघतात. स्टेपनीत चालत्या चाकापेक्षा थोडी जास्तच हवा ठेवतो, कारण ती पडून असताना हळूहळू कमी होते. जॅक, पाना, पाइप, बॅटरी आणि तिचे सेल जागेवर आहेत का बघतात. वहीत सही करतात. या महिन्याला सही करायची पाळी त्या काकींच्या सुनेची होती. लेकीला कडेवर घेऊन तिनं कव्हर उचललं, टायरवर हात फिरवला आणि सही केली. ती काही बोलली नाही. आम्हीही काही बोललो नाही.

मैत्रिणींनो, आपल्या सगळ्यांच्या घरी अशा कव्हराखाली झाकलेल्या गोष्टी असतात. अडीनडीला म्हणून ठेवलेल्या. विम्याचा कागद ट्रंकेत असतो, पण हप्ता भरलेला आहे का? गटाचा राखीव पैसा बँकेत असतो, पण तो काढायला कुणाकुणाच्या सह्या लागतात, आणि त्यातली एक बाळंतपणाला माहेरी गेली तर काय करायचं, हे ठरलेलं आहे का? रुग्णवाहिकेचा नंबर भिंतीवर लिहिलेला असतो, पण तुमच्या वळणावर रेंज आहे का? 'आहे' म्हणणं सोपं असतं. आम्हीसुद्धा दोन वर्षं 'आहे' म्हणत होतो.

म्हणून या आठवड्यात एवढंच करा. अडचणीसाठी ठेवलेली कुठलीही एक वस्तू, अडचण नसताना बाहेर काढा आणि वापरून बघा. गाडी असेल, तर स्टेपनी लावून बघा. गाडी तुमची नसेल, पण त्यात तुम्ही बसत असाल, तरी मालकाला विचारा, "दादा, स्टेपनी लावून बघितलीय का?" तो हसला, तर हसू द्या. उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा.

आमचा पुठ्ठा अजून जपून ठेवलेला आहे. आसपासच्या वाडीत कुणाकडं अशीच जुनी जीप असेल आणि चाक जुळत नसेल, तर घेऊन जा. फक्त परत आणून द्या.